सिव्हिलमध्ये म्हणाले, "बोलतोय की, मग ऑटिझम कसला?"

मोगरा:
मुलगा सात वर्षांचा आहे. शहरातल्या बालविकासतज्ज्ञांनी ऑटिझमचं निदान केलंय, रिपोर्ट हातात आहे. आम्ही राहतो तालुक्याच्या गावी. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग सर्टिफिकेट आणि ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरून तपासणीसाठी सिव्हिलला गेलो. केसपेपरच्या रांगेत भोंग्यावरून नावं पुकारत होते. पोरगा दोन्ही कान घट्ट दाबून बाकाखाली जाऊन बसला. पाळी येईपर्यंत दमून गप्प झाला होता. डॉक्टरांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं, वर टीव्हीवरची साबणाची जाहिरात घडाघडा म्हटली. "बोलतोय की, मग ऑटिझम कसला?" म्हणाले. मानसतज्ज्ञ त्या दिवशी नव्हत्या, म्हणून 'नंतर या'.

त्याला भूक लागली तरी तो तीच जाहिरात म्हणतो. हे त्यांना कसं पटवायचं? सासूबाई म्हणतात, सर्टिफिकेट काढलं की जन्माचा शिक्का बसेल. कुणी यातून गेलंय का?

ओवीची आई:
ताई, भुकेचं जे लिहिलंत ना, तेच कागदावर लिहून न्या. ऑटिझमचं सर्टिफिकेट दोन मिनिटांच्या अंदाजावर ठरत नसतं. त्यासाठी आयएसएए नावाची चाचणी आहे, आपल्याकडेच तयार झालेली. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, बेरीज 70 किंवा त्यावर गेली की ऑटिझम धरतात. ऐकलेलं वाक्य तसंच परत म्हणणं हा त्यातला एक मुद्दाच आहे! म्हणजे डॉक्टरांना जे 'बोलणं' वाटलं, ते खरं तर तुमच्याच बाजूचं आहे.

बरंचसं आईवडिलांना विचारून भरतात, आणि ऐनवेळी काही आठवत नाही. म्हणून आतापासून वही करा: लग्नात काय झालं, केस कापताना काय होतं, रस्ता बदलला तर काय करतो. 'ऐकत नाही' असं मोघम नको, प्रसंग लिहा. मानसतज्ज्ञांचा वार फोन करून विचारा. त्याचे उपचार दुसऱ्या एखाद्या सरकारी रुग्णालयात चालू असतील, तर नियमाप्रमाणे अर्ज तिथेही करता येतो.

शिक्क्याबद्दल सांगते. माझी ओवी आता 19 वर्षांची आहे. तिच्या पहिल्या कागदावर 'मतिमंद' लिहिलं होतं, कारण 1995 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम नव्हताच. तो 2016 च्या कायद्यात आला. शिक्का म्हणायचा तर तो होता. आताच्या कागदावर तिचं आहे ते नाव आहे. त्यावर निरामया हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, वर्षाला 1 लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. थेरपीची बिलं जपून ठेवा. पुढे दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्यालाही हाच कागद लागतो.

निळी_सायकल:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान झालं 26 व्या वर्षी. तोवर कागद नव्हता, तरी 'हट्टी' आणि 'तिरसट' ही नावं शाळेपासून होतीच. आजींना हे जरूर सांगा.

तो गप्प झाला म्हणजे शांत झाला असं समजू नका. मला अशा गोंगाटात तासभर बसवलं तर नंतर शब्दच फुटत नाहीत, आणि समोरच्याला वाटतं, किती शहाणं पोर आहे. केसपेपर एकानं काढावा, दुसऱ्यानं मुलाला आवाराबाहेर झाडाखाली ठेवावं, पाळी आली की फोन करायचा. कानांवर हेडफोन असू द्या. दिव्यांगांना तपासणीत प्राधान्य द्यावं असं 2016 च्या कायद्याच्या कलम 25 मध्ये आहे. रिपोर्ट दाखवून ते मागा, संकोच करू नका.

मोगरा:
फोन केला, मानसतज्ज्ञ गुरुवारी असतात. ह्यांना रजा टाकायला सांगितलीय, रांगेत ते उभे राहतील. वहीची दोन पानं भरलीसुद्धा. निळी सायकल, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

निरामयाचा फॉर्म सर्टिफिकेट आल्यावरच भरायचा ना?

ओवीची आई:
हो, आल्यावरच. राष्ट्रीय न्यासाकडे (ही विमा योजना चालवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत भरता येतो. तुमच्या जिल्ह्यात कोणती आहे ते मी विचारून ठेवते, जिल्हा मेसेज करा.