डोक्याची जखम भरली, सीटी चांगला आला. तरी अँजिओग्राफी कशाला?

देवगडची लेक:
माडावरच्या गड्याच्या हातून कोयती निसटली आणि खाली उभ्या बाबांच्या डाव्या कानाच्या वर टोकाने घुसली. हाड फुटून आत दबलं होतं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, अकराव्या दिवशी घरी आलो. आता पेज जेवतात, पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. तरी डॉक्टरांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी सांगितली आहे. काका म्हणतात, बऱ्या माणसाला परत घाट कशाला चढायला लावता? आज चौदावा दिवस. जावं का?

सिस्टर, रत्नागिरी:
जा गं, टाळू नकोस. साध्या सीटीत साचलेलं रक्त दिसतं, धमनीला पडलेली चीर दिसेलच असं नाही. धारदार वस्तू आत गेली की कधी कधी धमनी चिरते, वर गुठळी बसते आणि रक्त थांबतं. पुढे तिथेच फुगा धरतो, आणि त्या फुग्याला धड भिंतच नसते. पुष्कळदा तो दोन-तीन आठवड्यांत फुटतो, कधी त्याहून उशिरा. आधी सापडला तर जांघेतून नळी घालून किंवा ऑपरेशन करून बंद करता येतो. म्हणून माणूस बरा दिसत असतानाच बघायचं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय, म्हणजे एक औषध, टोचतात; मधुमेह, किडनीचा त्रास असेल तर ते देण्याआधी सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

चिरेखाणवाला:
ताई, माझ्या भावाच्या कपाळात ग्राइंडरचं पातं तुटून घुसलं होतं. घरी हिंडत-फिरत होता. सतराव्या दिवशी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. उचलायला गेला तर बोटं वळेनात. मग उलटी. आम्ही पित्त समजून आमसुलाचं सार पाजत बसलो, दोन तास त्यात गेले. वाचला तो, पण शब्द अजून अडखळतो. ते दोन तास मला अजून झोपू देत नाहीत.

देवगडची लेक:
सिस्टर, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन होती, ऑपरेशनच्या वेळी बंद केली. तुमचं वाचून उठले तर काकू जुन्या डब्यातून तीच काढून देत होती! हातातून घेतली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आम्ही सांगेपर्यंत नाही. उद्या पहाटे फोंडाघाटातून निघतोय. काका गाडी चालवणार आहेत.

सिस्टर, रत्नागिरी:
डोकं थोडं उंच ठेवा. रात्री एकदा उठवून नाव विचार, दोन्ही हात उचलायला सांग. एकदम डोकं ठणकलं, झापड आली, तोंड वाकडं झालं, फिट आली, तर पहाटेची वाट बघू नका, 108 लावा. नाकातून पाण्यासारखं गळलं तरी लगेच डॉक्टरांना कळव. जुनी सीटीची फिल्म बरोबर घे.