शिकागोचं इटालियन व्हिलेज: तुमचे अनुभव लिहा

शिकागोच्या लूप या मध्यवर्ती भागात, मन्रो स्ट्रीटवर १९२७ साली अल्फ्रेडो कापितानिनी यांनी सुरू केलेलं 'इटालियन व्हिलेज' हे हॉटेल शंभरीला टेकलंय आणि अजूनही त्यांच्याच घराण्याकडे आहे. तिथे जेवला असाल तर जरूर लिहा. कोणाबरोबर गेला होतात तेही सांगा.

*

आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हाची गोष्ट. जानेवारी, तळ्यावरून येणारा बोचरा वारा, आईच्या साडीवर माझं जाड जॅकेट. जिना चढून वर गेलो आणि ती दारातच थबकली. निळंकाळं छत, त्यात चांदण्यांसारखे बारीक दिवे, भिंतींवर रंगवलेलं गाव आणि बसायला घरकुलांसारखे छोटे कोनाडे. म्हणाली, "अगं, ही तर आपल्या गणपतीची आरास!" लहानपणी आमच्या चाळीत देखावा उभा राहायचा, त्यासाठी ती रात्र रात्र जागून कागदाची घरं चिकटवायची. कोनाड्यात बसल्यावर तिने भिंतीवरून हात फिरवून पाहिला. जेवण साधंच, टोमॅटोच्या सॉसमधलं स्पगेटी. वर लाल मिरचीची भरड मागून घेतली. पुण्याला परतल्यावर शेजारपाजारी तिने नायगाऱ्याच्या आधी या छताचं वर्णन केलं.

*

शाकाहारी मंडळींनी सूप मागवण्याआधी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. कुठल्याही इटालियन हॉटेलात हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

*

मी खाणारा माणूस, म्हणून चिकन व्हेसुव्हिओबद्दल लिहितो. हा पदार्थ शिकागोचा, इटलीत शोधायला जाऊ नका. हाडासकट कोंबडी, बटाट्याच्या लांब फोडी, भरपूर लसूण, ओरेगानो, पांढरी वाईन, वरून हिरवे मटार. खरी चव बटाट्यात असते: कडा खरपूस आणि आतपर्यंत मुरलेला लसणीचा रस. ताटात उरलेला रस मी पावाने पुसून घेतला. बायकोने डोळे वटारले, मग तिनेही पावाचा तुकडा मोडला.

*

लिरिक ऑपेराचं नाट्यगृह इथून चालत जाण्यासारखं. आमच्या वेटरने मेनू द्यायच्या आधीच विचारलं, "पडदा किती वाजता?" पुढचं सगळं त्या हिशोबाने आलं. कॉफीसुद्धा निवांत झाली.

*

वरच्या आईच्या आठवणीसाठी धन्यवाद. पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत, त्यांचे गुडघे दुखतात. वर न्यावं की त्याच इमारतीच्या तळघरातल्या 'ला कान्तिना' या हॉटेलात? जिने दोन्हीकडे आहेत.

*

वरच न्या. लिफ्टचं आधी फोन करून विचारा आणि कोनाडा राखून ठेवायला सांगा.