मदत हवी आहे : नवीन ऑल-माउंटन स्की घ्यायच्यात, लांबी आणि रुंदीवर अडलंय

हिमगौरी

नमस्कार मंडळी. नवीन स्की घ्यायच्या आहेत आणि येत्या पंधरा दिवसांत ठरवायचंच आहे, म्हणून इथे विचारते.

ऑल-माउंटन पाहिजेत. सकाळचा कडक बर्फ, दुपारचा भुसभुशीत, अधूनमधून ताजा पडलेला, सगळं एकाच जोडीवर निभावलं पाहिजे. मी जोरात स्की करते, काळ्या (सगळ्यात अवघड) उतारांवर जाते, लांब वळणं आवडतात. एज (स्कीच्या कडेची धातूची धार) पक्की धरणारी स्की लागते. वय ५९ आहे. दुकानात वय सांगितलं की लगेच मऊ, हलकी, आखूड 'लेडीज' स्की पुढे करतात. असल्या स्कीचं टोक वेग आला की फडफडायला लागतं आणि मग विश्वासच वाटत नाही. दुसरीकडे, जुन्या जोडीवर दुपारनंतर मांड्या भरून येतात आणि उजव्या गुडघ्याला आतल्या बाजूने ठणका लागतो, हेही खरं आहे.

यादीत तीन आहेत (नावातला आकडा म्हणजे मधली रुंदी, मिमीमध्ये) : ब्लिझर्ड ब्लॅक पर्ल ८८, नॉर्डिका सँटा ॲना ९३, फोल्कल सिक्रेट ९६. लांबी १६३ सेंमीच्या आसपास घेऊ की १७०? ज्यांनी वापरल्यात त्यांनी सांगा. 'या वयात कशाला' हे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

इतवारीवाला

ताई, नागपुरात राहून तुम्ही हे करून राहिल्या, वाचूनच छान वाटलं. स्कीमधलं मला काही समजत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितो. आमचा पोरगा बारावीत आहे, परीक्षा झाली की स्कीइंग शिकतो म्हणून मागे लागला आहे. त्याला कुठं पाठवावं? औली बरं राहील का?

चौकस_अभियंता

माहिती अपुरी आहे. उंची, वजन, सध्याची स्की (लांबी आणि मधली रुंदी), बूट किती जुने, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्की करता कुठे? हे कळल्याशिवाय कोणीही मॉडेल सुचवलं तर तो अंदाज समजा.

बर्फाळ_मामा

कुठे म्हणजे काय, गुलमर्गच असणार. माझं ऐका, ८८ वगैरेच्या भानगडीत पडू नका. तिथल्या अफरवट डोंगरावर गोंडोल्याच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याने जवळपास ३,९५० मीटरवर उतरलात की खाली पिटलेला (यंत्राने दाबून सपाट केलेला) उतार नाहीच, सगळी मोकळी पावडर, म्हणजे न दाबलेला ताजा बर्फ. तिथे १०५ च्या खाली काही नेलं तर टोक बुडतं आणि मग मांड्या भरणारच. तुमचं दुखणं रुंदीमुळे आहे. १०६ घ्या, लांबी १७२, आयुष्यभर आशीर्वाद द्याल. मी गेली कित्येक वर्षं तेच वापरतोय.

आणि इतवारीवाले भाऊ, औलीचा विचार करत असाल तर जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचली तेव्हा बंद झाला. गाडीने जावं लागेल. त्यापेक्षा गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथे कोर्स असतात. मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्थासुद्धा चांगली.

हिमगौरी

उंची १६२, वजन ६१ किलो. सध्याची स्की १७० लांबीची, मध्ये ७२ मिमी, पूर्ण कॅम्बर (मधून कमानीसारखी उचललेली), आत धातूचे दोन थर. बूट तेव्हाचेच आहेत, व्यवस्थित आहेत. बुटांचा प्रश्न नाहीये.

मामा, १०६ मला फार वाटते. पण टोक बुडण्याचा मुद्दा पटतो, जुन्या जोडीवर ताज्या बर्फात तसंच होतं.

चौकस_अभियंता

तुम्ही जागा अजून सांगितली नाही.

हिमगौरी

अहो, लेक ऑस्ट्रियात इन्सब्रुकला असते. फेब्रुवारीत तिच्याकडेच जाते. अक्सामर लिट्सुम, श्टुबाई हिमनदी, बर्फ चांगला असला तर नॉर्डकेटं. गुलमर्ग मधूनच कधीतरी, जुन्या मैत्रिणींबरोबर. शिकले मात्र तिथेच.

टिरोलकर

हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर निम्मी चर्चा वाचली असती :) मी म्युनिकला राहतो, लिट्सुमला नेहमी जातो. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये स्लॅलमच्या शर्यती जिथे झाल्या ते हे ठिकाण. सकाळी नऊला तिथला पिटलेला उतार टणक असतो, दुपारी दोनला त्याच उतारावर ढिगारे. म्हणजे ताईंचा बहुतेक वेळ कडक आणि उकरलेल्या बर्फावर जाणार. तिथे १०६ म्हणजे गुडघ्यावर अत्याचार आहे.

कारण साधं आहे. स्की एजवर उभी केली की सगळा भार एजवर येतो. ८६ मिमीच्या स्कीत ती एज पायाच्या मध्यापासून ४३ मिमीवर असते, १०६ च्या स्कीत ५३ वर. हा एक सेंटिमीटर प्रत्येक वळणाला गुडघ्याला पिळतो. मऊ बर्फात स्की थोडी रुतते म्हणून जाणवत नाही, कडक बर्फात मात्र पुरेपूर जाणवतो.

बर्फाळ_मामा

गुडघा पिळतो वगैरे पुस्तकी आहे. माझं वय ६३, मी रुंद स्कीवर दिवसभर राहतो, काही होत नाही. उलट अरुंद स्कीवर पावडरमध्ये मागे रेलून बसावं लागतं, त्याने मांड्या जातात.

टिरोलकर

मामा, तुम्ही पावडरमध्ये असता, ताई टणक उतारावर. दोघांचं बरोबर आहे, पण प्रश्न त्यांनी विचारला आहे. आणि गुलमर्गचाही आता भरवसा कुठे आहे? जानेवारी २०२४ मध्ये तिथे कुरणं उघडी पडली होती. २०२५ चे तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. एका आठवड्याच्या पावडरसाठी वर्षभराची स्की निवडायची नसते. तो आठवडा तिथे रुंद जोडी भाड्याने घ्यावी.

बर्फाळ_मामा

भाड्याच्या स्कीचे एज पाहिलेत का कधी? असो.

वर्धारोड

गुलमर्गला जाणार असाल तर विमानात सामानाच्या वजनाचा फार त्रास. ट्रेनने जा. नागपूरहून जम्मूकडच्या गाड्या आहेत, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. चिनाबच्या पुलावरून जाते, दृश्य अप्रतिम.

हिमगौरी

धन्यवाद, पण यंदा दिल्लीहून थेट म्युनिक आहे. प्रश्न स्कीचा आहे.

टिरोलकर, ९६ काढून टाकू का मग? आणि धातू असावा की नसावा?

टिरोलकर

९६ काढा. ८४ ते ९२ मध्ये राहा.

धातूचं असं आहे. टायटानल हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्याचा पातळ थर कंप शोषतो म्हणून स्की वेगात शांत राहते. तुम्हाला तेच हवंय. पण तुमच्या जुन्या जोडीत दोन पूर्ण थर, पूर्ण कॅम्बर आणि मागचं टोक ताठ असणार. ती तुम्हाला वळणातून लवकर सोडतच नाही, प्रत्येक वळण संपवायला मांडी लावावी लागते. आता एक थर किंवा अर्धवट धातू, पुढे रॉकर (वर वळलेलं टोक), मागे थोडासा उचललेला भाग, असं मिळतं. सँटा ॲनामध्ये टायटानल आहे, तरी ती वळायला सोपी आहे. सिक्रेटमध्ये धातू एजच्या कडेने चौकटीसारखा बसवलेला, जास्त ताकद मागते. ब्लॅक पर्लची बांधणी दर काही वर्षांनी बदलते, म्हणून नाव एकच असलं तरी कोणत्या वर्षाची आहे ते पाहून घ्या.

लांबी : रॉकर असलेली १७० बर्फावर तुमच्या जुन्या १७० पेक्षा आखूड लागते, कारण टोक जमिनीला टेकतच नाही. तुमचा वेग पाहता १६३ तुम्हाला कमी पडेल असं मला वाटतं. १६६-१६८ मिळाली तर तीच.

चौकस_अभियंता

लांबीबाबत असहमत. ६१ किलो वजन आणि दुखरा गुडघा, १६४ च्या वर जाऊ नये. उकरलेल्या बर्फात आखूड स्की पटकन फिरते. आणि 'बूट व्यवस्थित आहेत' हे मला अजिबात पटलेलं नाही. किती वर्षांचे? नागपुरात कुठे ठेवता?

हिमगौरी

बारा-तेरा वर्षांचे असतील. वरच्या मजल्यावर माळ्यावर पिशवीत असतात. बाहेरून नवे दिसतात.

चौकस_अभियंता

इथेच घोळ आहे. बुटाच्या कवचात पॉलियुरेथेन असेल तर ते हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतं, बाहेरून चकचकीत दिसतं. उष्णतेने हे जोरात होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, वरच्या स्लॅबखाली तर भट्टी. मग चार महिने दमट पावसाळा. असे बूट एक दिवस उतारावर चालू वळणात फुटतात, टाचेपासून तुकडा निघतो. आज रात्री पिशवी उघडा. बकलच्या खिळ्यांभोवती आणि घोट्याच्या सांध्यापाशी नखाने दाबून पाहा, बारीक भेगा दिसतात का. आतल्या लायनरमध्ये टाच उचलली जाते का तेही. टाच उचलली जात असेल तर पाय घट्ट धरायला तुम्ही मांडी आवळून ठेवता. दुपारी मांड्या भरण्याचं हेच कारण असू शकतं, स्की नव्हे.

पायमोकळे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रामदासपेठेत. स्कीचं मॉडेल मला कळत नाही, पण दोन गोष्टी सांगते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा ठणका म्हणजे तिथला लिगामेंट, गादी किंवा झीज, यातलं काहीही असू शकतं. इतक्या जोरात खेळणार असाल तर जाण्याआधी तपासून घ्या. पाळी गेल्यानंतर हाडांची घनता उतरते, तीही डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून एकदा पाहा. दुसरं, उताराचं काम मांडीचा स्नायू लांब होत असताना भार झेलण्याचं असतं. जिममध्ये फक्त वजन वर ढकलून ते तयार होत नाही. फुटाळ्याच्या बाजूने सेमिनरी हिल्स चढा आणि उतरताना मुद्दाम सावकाश, गुडघे वाकवून उतरा. आठ आठवडे सातत्याने करा, फरक पडेल.

हिमगौरी

हे विचारलं नव्हतं, पण उतरण्याचं मनापासून घेते. मी आजवर चढण्यावरच जोर दिला आहे.

टिरोलकर

त्यावरून आठवलं, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडलं की सुटणारी पकड. नवीन स्कीवर जुनी बाइंडिंग लावू नका. आता बहुतेक बूट ग्रिपवॉक (चालायला सोप्या, किंचित गोलाकार) तळव्याचे येतात, जुन्या बाइंडिंगला ते चालत नाहीत. बरीच दुकानं जुनी मॉडेल हातात घेतही नाहीत. सेटिंग करताना वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, वय आणि खेळण्याची पद्धत विचारतात. ५० च्या पुढे तक्त्यात एक पायरी खाली येतात. तुम्ही 'मी जोरात खेळते' म्हणालात की सेटिंग पुन्हा वर जातं. तिथे प्रामाणिकपणे मधला प्रकार सांगा आणि पहिल्या दिवशी विनाकारण सुटते का पाहा. सुटली तर वाढवता येतं.

पायमोकळे

आणि बाइंडिंग सुटते म्हणून गुडघा वाचतो असं समजू नका. ती मुख्यतः नडगीचं हाड मोडू नये म्हणून बनलेली आहे. गुडघ्यातला एसीएल (आतला मुख्य लिगामेंट) त्याने वाचेलच असं नाही, आणि स्कीइंगमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आहे.

इतवारीवाला

गुलमर्गच्या कोर्ससाठी फिटनेसचं सर्टिफिकेट लागते का? आणि पोराला चष्मा आहे, चालते नं?

बर्फाळ_मामा

चालतो, चष्म्यावरून घालायचे गॉगल मिळतात. सर्टिफिकेट लागतं, आपल्या डॉक्टरकडून घ्या. हवं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सविस्तर सांगतो.

हिमगौरीताई, गुलमर्गला येणार असाल तेव्हा माझी १०६ दोन दिवस घेऊन पाहा. तुमच्या बुटाला बाइंडिंग जुळवून देईन. पावडरमध्ये टोक वर आलं की काय वाटतं ते एकदा अनुभवाच, मग मला सांगा.

हिमगौरी

मामा, नक्की घेईन, मनापासून आभार.

काल रात्री बूट काढून पाहिले. डाव्या बुटाच्या घोट्याच्या खिळ्याभोवती केसासारख्या भेगा आहेत, नखाने दाबलं तर पांढरी भुकटी निघते. उजव्यात टाच चांगली बोटभर उचलली जाते. मुलीला फोटो पाठवले, ती म्हणाली हे घालून इकडे येऊच नको.

म्हणून आता असं ठरवलंय. इन्सब्रुकला पोचले की आधी बूट, पाय मोजून, घाई न करता. मग त्याच बुटांवर ब्लॅक पर्ल ८८ आणि सँटा ॲना ८८ अशा दोन्ही चाचणीसाठी भाड्याने घ्यायच्या, सकाळी एक, दुपारी दुसरी. दुकानात स्की विकत घेतली तर चाचणीचं भाडं वजा करतात असं लेक म्हणाली. लांबीचा निकाल तिथेच लावेन, १६४ आणि १७० दोन्ही चालवून. सिक्रेट काढली. धातू मात्र सोडणार नाही, तेवढं नक्की.

एक राहिलं. तिथे घेतलेल्या मालावरचा कर परत मिळतो म्हणतात. कोणी केलंय का?

टिरोलकर

हो. ऑस्ट्रियात २० टक्के कर आहे. एका पावतीवर ७५ युरोच्या वर खरेदी हवी आणि तुम्ही युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या हव्यात. पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा, नंतर देत नाहीत. परतताना म्युनिकला सामान चेक-इन करताना आधीच सांगा, टॅग लावून बॅग परत घ्या आणि कस्टमच्या खिडकीवर माल व फॉर्म दाखवून शिक्का घ्या. मग बॅग द्या. स्कीची बॅग मोठी असते, तिथे रांगेत वेळ जातो, तेव्हा तीन तास आधी पोचा. बूट आणि स्की एकाच दुकानात, एकाच पावतीवर घेतलंत तर फॉर्मही एकच.

चौकस_अभियंता

आणि नवे बूट आल्यावर माळ्यावर टाकू नका. खालच्या मजल्यावर, खोलीच्या कपाटात, बकल हलकी लावून. स्कीला उन्हाळ्याआधी एजसकट जाड मेण लावून ठेवा, ते पुढच्या हंगामातच खरवडायचं.

लांबीचं मात्र १६४ च. चालवून पाहा आणि इथे लिहा.