व्हिनाइल साइडिंग: खालची भोकं बुजवू का?

सायली_पी
नमस्कार मंडळी. आम्ही जुनं घर घेतलंय, बाहेरून सगळीकडे व्हिनाइल साइडिंग आहे, म्हणजे भिंतीवर लावलेल्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, फिकट राखाडी. आधीच्या लोकांनी ते कधी धुतलं असेल असं वाटत नाही. उत्तरेची भिंत हिरवी झालीये, बोट लावलं की बुळबुळीत लागते. दक्षिणेची दिसायला बरी आहे पण तिच्यावरून तळहात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड हाताला लागते. साइडिंग झिजतंय का?
दुसरं म्हणजे पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक बारीक भोकं आहेत, परवा पाऊस थांबल्यावर बघितलं तर त्यातून पाणी ठिबकत होतं. भिंतीत पाणी शिरतंय म्हणून मला धडकीच भरली. सिलिकॉनच्या ८ नळ्या आणून ठेवल्यात, शनिवारी सगळी भोकं बुजवणार आहे. आणि पट्ट्या हाताने डावीउजवीकडे सरकतात, म्हणजे खिळे ढिले झालेत ना? ते पण ठोकून घ्यायचा विचार आहे. आणि धुवायला प्रेशर वॉशर भाड्याने आणतेय. शनिवारच्या आत कोणी अनुभवी सांगाल का, काही राहतंय का?

पटाशी
सायलीताई, आधी त्या सिलिकॉनच्या नळ्या बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा. मी बरीच वर्षं साइडिंग बसवायचं काम करतोय आणि कळकळीने सांगतो, ती भोकं अजिबात बुजवू नका. ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली असतात, पाणी बाहेर पडायला. व्हिनाइल साइडिंग म्हणजे पाणी अडवणारी भिंत नाही, वाऱ्याच्या पावसात थोडंफार पाणी मागे जातंच, त्याच्यामागे जो कागदासारखा थर असतो ना, तो खरा पाणी अडवतो आणि त्याच्यावरून ओघळून ते खाली या भोकांतून निघून जातं. तुम्ही ठिबकताना बघितलं म्हणजे सगळं नीट चाललंय. बुजवलीत की तेच पाणी आत कोंडणार, मागचं लाकूड कुजायला लागणार आणि बाहेरून कित्येक वर्षं कुणाला पत्ता लागणार नाही.
खिळ्यांचंही तेच. साइडिंग ठोकत नाहीत, टांगतात. पट्टीच्या वरच्या कडेला लांबट खाचा असतात, खिळा त्या खाचेच्या बरोब्बर मध्ये मारायचा आणि त्याचं डोकं पट्टीला टेकवायचं नाही, जेमतेम १ मिमी फट ठेवायची. कारण १२ फुटांची पट्टी कडाक्याच्या थंडीपासून कडक उन्हापर्यंत अर्धा इंच किंवा जास्तच लांबआखूड होते. म्हणून टोकाला पाव इंच जागा सोडतात, गोठवणाऱ्या थंडीत बसवली तर ३/८ इंच. हाताने सरकली पाहिजेच ती. घट्ट ठोकलीत तर पहिल्याच उन्हाळ्यात तिला पसरायला जागा मिळणार नाही आणि भिंतीला लाटा येतील, मग ते सरळ होत नाही.
पांढऱ्या पुडीला चॉकिंग म्हणतात. उन्हाने वरचा अगदी पातळ थर सुटतो आणि प्लास्टिकमधलं टायटॅनियम डायऑक्साइड मोकळं होऊन हाताला लागतं. तेच उन्हापासून संरक्षण द्यायला घातलेलं असतं. जुन्या साइडिंगला हे होणारच, घाबरू नका, धुतलं की बरंचसं जातं.

निर्मळ_अंगण
पटाशी यांना शंभर टक्के अनुमोदन. धुण्याबद्दल मी लिहिते कारण त्यात मी पोळलेय. आमच्याकडे मी खाली उभी राहून प्रेशर वॉशरचा नोझल वर रोखला आणि वरच्या पट्ट्या खालून मारल्या, भिंत झकास निघाली, पण दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत खिडकीखाली हाताएवढा ओलीचा डाग. पट्ट्या एकमेकींवर कौलांसारख्या असतात, वरून आलेलं पाणी घसरतं, खालून जोराने मारलेलं थेट मागे. वापरायचाच असेल तर डोळ्याच्या उंचीवर सरळ धरा, खिडक्यांच्या कडा आणि जोड यांच्यावर नेम धरू नका. मी तर तेव्हापासून वापरतच नाही, बागेचा पाइप आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरतो.
हिरव्या शेवाळाला ३ भाग पांढरं व्हिनेगर आणि ७ भाग पाणी. खालून वर घासत जायचं, कारण वरून सुरुवात केली की मळकट पाणी कोरड्या भिंतीवरून ओघळतं आणि त्याचे पट्टे पडतात. छोटा भाग घ्या आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. काळी बुरशी हटत नसेल तरच ब्लीच, १ लिटरला ४ लिटर पाणी, आधी झाडांवर पाणी मारून घ्या. आणि हे फार महत्त्वाचं आहे, व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, एकाच बादलीत तर नाहीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. एका दिवशी एकच वापरा. तारेची घासणी, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका, चकाकी जाते ती जातेच.
उत्तरेला झुडपं भिंतीला चिकटून आहेत का? असतील तर निदान २ फूट मोकळं करा. भिंतीला वारा लागला नाही तर कितीही घासा, हिरवं परत येणार.

सायली_पी
बापरे, बरं झालं विचारलं! हो, झुडपं अगदी चिकटून आहेत. सिलिकॉन परत करते. अजून एक सांगायचं राहिलं, शेजारच्या घराकडच्या भिंतीवर तीन पट्ट्या वितळल्यासारख्या झाल्यात, वेड्यावाकड्या. तिथे भाजायची शेगडी (ग्रिल) नाही, कपड्यांच्या ड्रायरचा गरम हवेचा पाइप नाही, काहीच नाही. घट्ट ठोकलेल्या असतील का?

उन्हाचा_कवडसा
शेजाऱ्यांच्या खिडक्या नवीन आहेत का? आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. लो-ई कोटिंगची (उष्णता परत फिरवणारा पातळ थर दिलेली) दुहेरी काच ऊन परावर्तित करते, आणि दोन काचांमधल्या हवेचा दाब कमी होऊन काच किंचित आत दबली तर ती अंतर्गोल आरशासारखी ऊन एका जागी गोळा करते. व्हिनाइल साधारण ७०-७५ अंश सेल्सियसला मऊ पडतं, त्या कवडशात तेवढं सहज तापतं. खुर्ची टाकून बघत बसा. आमच्या भिंतीवर दुपारी पावणेतीनला फुलीसारखा लख्ख डाग आला, हळूहळू सरकत बरोब्बर वाकड्या पट्ट्यांवरून गेला, मी हात धरला तर क्षणभरसुद्धा ठेववेना. शेजाऱ्यांशी शांतपणे बोला, त्यांची काही चूक नसते. काचेवर बाहेरून पूर्ण जाळी लावली की कवडसा मोडतो.

सायली_पी
आज बसले होते. ३:२० ला दिसला!! अगदी त्याच तीन पट्ट्यांवर. शेजारच्या काकू पण येऊन बघून गेल्या, त्यांनाही धक्का बसला, जाळी लावून देते म्हणाल्या. आता त्या तीन पट्ट्या बदलायच्या तर नवीन आणून चालतील का? आणि रंगच मारून टाकला तर? मला गडद निळा आवडतो.

पटाशी
गडद निळा नको. मूळ रंगापेक्षा गडद रंग जास्त तापतो आणि पट्ट्या वाकतात. रंगवायचंच झालं तर व्हिनाइलसाठीचा खास रंग येतो तो घ्या, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर कागद आधी वाचा, बऱ्याचदा रंग लावल्यावर ती जाते.
नवीन पट्टी आणाल तर ती ठिगळासारखी उठून दिसेल, तुमची जुनी उन्हाने फिकी झालीये. मी असं करतो, घराच्या मागे जिथे कुणाची नजर जात नाही तिथल्या तीन पट्ट्या काढून इथे लावायच्या आणि नवीन मागे. झिप टूल म्हणून आकड्यासारखं छोटं हत्यार मिळतं. ते वरच्या पट्टीच्या खालच्या कडेत अडकवायचं, खाली ओढायचं आणि तसंच धरून सरकवत न्यायचं, कट्कट् आवाज होत पट्टी सुटत जाते आणि खालचीचे खिळे दिसतात. लावताना आधी खालचं कुलूप, म्हणजे पट्टीची खालची कड जिथे खालच्या पट्टीत अडकते ते, बसलं का ते हात फिरवून बघा, मग खिळे, आणि शेवटी पट्टी डावीउजवीकडे सरकवून बघा. सरकली तर ठीक. फक्त जाळी लागेपर्यंत थांबा, आणि दिवस उबदार निवडा, थंडीत व्हिनाइल ठिसूळ होतं, ओढताना चांगली पट्टीसुद्धा तडकेल.