अमेरिकेतल्या एकट्या ब्लॅक आया : नावं ठेवणं बंद करा

अटलांटाची_माई:
परवा पॉटलकला एका काकांनी ठोकून दिलं, "ह्या ब्लॅक बायका लग्न करत नाहीत, पोरं काढतात नि वेल्फेअरवर, म्हणजे सरकारी मदतीवर, बसून खातात." माझ्या युनिटमधली नर्सिंग असिस्टंट दोन पोरांची एकटी आई आहे, पहाटेची बस पकडते, संध्याकाळी डेकेअरला पोचायला उशीर झाला की मिनिटाला डॉलर दंड भरते, ती बसून कधी खाते ते काकांनीच सांगावं. १९७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात रेगन वेल्फेअर लाटणाऱ्या शिकागोच्या एका बाईची गोष्ट सभांमधून सांगत फिरले, तेव्हापासून 'वेल्फेअर क्वीन'चा शिक्का पक्का झाला. बाई लबाड होती, मान्य. पण एकीमुळे सगळ्याच चोर?

निनाद_डॅलस:
माई, काका बोलले ते चूकच. पण १९६५ मध्ये मॉयनिहनचा ब्लॅक कुटुंबांवरचा सरकारी रिपोर्ट आला तेव्हा साधारण चारातलं एक ब्लॅक मूल अविवाहित आईचं होतं, आज दहातली सात आहेत. बोलायचंच नाही का यावर? ओबामांनी स्वतः २००८ च्या फादर्स डेला शिकागोच्या चर्चमध्ये बापांना झापलं होतं.

अटलांटाची_माई:
बापांना झापलं ना, मग काका आयांना का झापतायत? आणि आई अविवाहित म्हणजे बाप गायब असं नसतं रे. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा २०१३ चा रिपोर्ट बघ, पोरांसोबत राहणारे ब्लॅक बाप त्यांना आंघोळ घालणं, भरवणं यात गोऱ्या बापांच्या मागे नाहीत. उलट बापाला घराबाहेर ठेवायचे नियम सरकारनेच केलेले. अलाबामात आईकडे कुणी पुरुष येतो-जातो असं कळलं की पोरांची मदत बंद! सेल्मातली मिसेस सिल्व्हेस्टर स्मिथ, पदरात चार पोरं, पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत स्वैपाक नि वेटरकी करून आठवड्याला १६ ते २० डॉलर मिळवायची, तिची मदत बंद केली कारण एक माणूस शनिवार-रविवारी यायचा. तो तिच्या पोरांचा बापही नव्हता. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम उडवला.

रिकामटेकडा:
१९६८ चं काय उगाळताय? आज कायये ते बोला. टॅक्स मी भरतो, फुकट कुणी खाऊ नये एवढंच म्हणणं.

सानिका_एनजे:
आजचंच सांगते. १९९६ पासून केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीला ५ वर्षांची मर्यादा आहे, कामाची अट आहे, आयुष्यभर बसून खायची सोयच नाही. मिसिसिपीत गरीब कुटुंबांच्या त्याच निधीतून विद्यापीठाचं व्हॉलीबॉल स्टेडियम बांधलं, तेव्हा तुमचा टॅक्स दुखला का? त्याच मिसिसिपीत, जॅक्सनला, २०१८ पासून मॅग्नोलिया मदर्स ट्रस्ट ब्लॅक आयांना वर्षभर महिना १००० डॉलर देतो, काही अट नाही, कशाला हवेत ते आईच ठरवते. असं हवं.

रिकामटेकडा:
अट नाही म्हणजे उधळायला मोकळीक.

सानिका_एनजे:
२०२१ मध्ये जुलै ते डिसेंबर चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे, म्हणजे मुलांमागे मिळणाऱ्या करसवलतीचे, पैसे दर महिन्याला खात्यात यायचे, आठवतंय? त्यालाही अट नव्हती. त्या वर्षी देशातली बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली, पुढल्या वर्षी वाढीव क्रेडिट बंद झालं नि १२.४ वर गेली. तुमच्या खात्यात आले तेव्हा तुम्ही उधळलेत का?

रिकामटेकडा:
ते वेगळं. मी नोकरी करत होतो.

अटलांटाची_माई:
अहो, ती नर्सिंग असिस्टंट काय करते मग?

निनाद_डॅलस:
😂 पैशाचं मान्य, द्या. पण बापांचा मुद्दा मी सोडत नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.