मदत हवी आहे : धाकट्या बहिणीची जनुकीय चाचणी करावी का?

केळीबाग_यावल : माझ्या ताईला शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा संयोजी ऊतींचा (अवयवांना आधार देऊन बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा) आजार निघाला आहे. धाकट्या बहिणीसाठी स्थळे येत आहेत. जळगावच्या एका प्रयोगशाळेने प्रतिकारशक्तीच्या जनुकांची महागडी चाचणी सुचवली आहे. तिला हा आजार होईल की नाही, हे त्यातून नक्की कळेल का? कृपया लवकर सांगावे.

तापीकाठ : ताईंचा आजार नेमका कोणता? ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना त्रास देणारा), श्योग्रेन (डोळे-तोंड कोरडे पाडणारा), स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक करणारा) की मिश्र प्रकार? धाकटीला काही त्रास आहे का?

भुसावळकर : माझ्या भावाचे निदान एचएलए-बी२७ या प्रतिकारशक्तीच्या जनुकाच्या चाचणीमुळे झाले. तीच करावी, स्वस्तही पडते.

तापीकाठ : भाऊ, बी२७ चा संबंध मुख्यतः मणक्याच्या संधिवाताशी आहे. येथे तिचा उपयोग नाही.

सातपुड्याची_लेक : आमच्या नंदुरबारकडे लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करण्यावर भर असतो आणि त्याने अनेक घरांचे भले झाले आहे. म्हणून जनुकीय चाचणी टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

धुळे_प्रयोगशाळा : ताई, सिकलसेल एकाच जनुकातील बदलाने होतो, म्हणून तेथे उत्तर स्पष्ट मिळते. ल्युपसमध्ये शंभराहून अधिक जनुकीय जागांचा थोडाथोडा वाटा असतो : सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए भागातले डीआर२ आणि डीआर३ हे प्रकार, शिवाय आयआरएफ५, स्टॅट४ अशी जनुके. हे बदल अंगात असूनही बहुतेकांना आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस झाला, तरी बहुतेक वेळा दुसरे निरोगी राहते. सी१क्यू या पूरक प्रथिनाचा (प्रतिकारशक्तीला मदत करणाऱ्या रक्तातील प्रथिनाचा) पूर्ण अभाव असेल तर धोका फार मोठा असतो, पण तो अतिशय दुर्मीळ आहे आणि त्याची लक्षणे बहुधा लहानपणीच दिसू लागतात. शिवाय धोक्याचे अनेक आकडे युरोपीय लोकांच्या अभ्यासातून आलेले आहेत. तिकडे आढळणारा पीटीपीएन२२ या जनुकातील बदल भारतीयांत क्वचितच सापडतो, मग तो नसल्याचा दिलासा आपल्या मुलीला काय कामाचा?

केळीबाग_यावल : ताईला ल्युपसच आहे. धाकटीची बोटे सकाळी बराच वेळ आखडलेली असतात आणि उन्हातून आल्यावर गाल लाल होतात. ती बागेत काम करते, त्यामुळे आम्ही ते उन्हाचेच धरले होते.

भुसावळकर : लग्न ठरेपर्यंत हे कोठे बोलू नये.

सातपुड्याची_लेक : या सल्ल्याला माझा पूर्ण विरोध आहे. मुलीचे मूत्रपिंड लग्नाच्या तिथीसाठी थांबत नाही.

धुळे_प्रयोगशाळा : लक्षणे असल्यामुळे हा प्रश्न आता जनुकांचा राहिलेला नाही. संधिवाततज्ज्ञांना दाखवावे, ते एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धची प्रतिद्रव्ये), रक्तगणना, सी३, सी४ ही पूरक प्रथिने आणि लघवीतील प्रथिने तपासतील. एएनए एकटी सकारात्मक आली तर घाबरू नये, कारण १:४० इतक्या कमी पातळीवर (रक्तद्रव फक्त चाळीसपट पातळ करून तपासल्यास) ती सुमारे पाव निरोगी लोकांतही सापडते. मात्र अँटी-रो (ल्युपस व श्योग्रेनमध्ये बरेचदा दिसणारी) प्रतिद्रव्ये आढळल्यास गरोदरपणाआधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांचा बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर क्वचित परिणाम होतो.

केळीबाग_यावल : सोमवारी घेऊन जातो. उपाशीपोटी न्यावे लागेल का?

धुळे_प्रयोगशाळा : या तपासण्यांसाठी गरज नाही. लघवीचा नमुना सकाळचा पहिला असावा, आणि ताईंचे जुने अहवाल सोबत न्यावेत.