ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धकांना व्यावसायिक खेळाडू म्हणावे का?

प्रश्न

माझा पुतण्या दोन वर्षांपासून एका संघाकडून व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळतो आणि त्यासाठी त्याला दरमहा मानधन मिळते. तो स्वतःला व्यावसायिक खेळाडू म्हणवतो. मी उमेदीची बारा वर्षे लांब पल्ल्याच्या शर्यती धावण्यात घालवली असल्यामुळे खुर्चीत बसून खेळणाऱ्याला हा शब्द लावायला माझे मन तयार होत नाही. मात्र हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत 2023 मध्ये ई-स्पोर्ट्सच्या सात प्रकारांत पदके दिली गेली, आणि त्यांपैकी ‘लीग ऑफ लेजेंड्स’चे सुवर्णपदक जिंकणाऱ्या दक्षिण कोरियाच्या संघाला इतर सुवर्णपदक विजेत्यांप्रमाणेच तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली, हे कळल्यावर माझा आक्षेप तर्काला धरून आहे की केवळ सवयीतून आलेला आहे, असा प्रश्न मला पडला आहे. खेळाडू ठरवण्याचा नेमका निकष कोणता मानावा?

प्रतिसाद १

शरीर किती दमले हा निकष लावला, तर सर्वांत आधी नेमबाजी अडचणीत येते. नेमबाजाचे सारे कौशल्य शरीर स्थिर ठेवण्यात, श्वासावर ताबा मिळवण्यात आणि चाप नेमक्या क्षणी ओढण्यात असते. तरीही 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून ती खेळांत गणली गेली आहे. बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 1999 मध्ये मान्यता दिली. आपल्या भाषेने तर हा प्रश्न फार पूर्वीच सोडवलेला आहे, कारण मैदानी खेळ आणि बैठे खेळ असा भेद करूनही दोन्ही खेळणाऱ्यांना मराठी ‘खेळाडू’च म्हणते. ‘ॲथलीट’ या शब्दाचे मूळही ग्रीक भाषेत बक्षिसासाठी झुंजणारा असे आहे. त्यामुळे आपल्या पुतण्याला धावपटूच्या पंक्तीत बसवण्याची गरज नाही. तो बैठ्या खेळाचा व्यावसायिक खेळाडू आहे, इतके पुरेसे आहे.

प्रतिसाद २

मी चार वर्षे स्पर्धात्मक गेमिंग केले आहे, म्हणून ‘बैठा खेळ’ या शब्दावर थोडे लिहितो. ‘स्टारक्राफ्ट’ या गेमचे अव्वल खेळाडू मिनिटाला 300 च्या आसपास क्रिया (कळ दाबणे, माऊस क्लिक करणे) करतात, म्हणजे सेकंदाला पाच, आणि त्यांतली प्रत्येक क्रिया समोरच्याची चाल ओळखून करायची असते. बुद्धिबळात सोंगटी कशी उचलली याने डाव बदलत नाही. येथे बोट किंचित उशिरा पडले तर सामना हातचा जातो. म्हणूनच मनगट आणि अंगठ्याच्या दुखण्याला आम्ही सगळे घाबरून असतो. चीनचा प्रसिद्ध खेळाडू उझी 2020 मध्ये निवृत्त झाला तेव्हा तो अवघा 23 वर्षांचा होता आणि त्याने मधुमेह व हाताच्या दुखापती ही कारणे सांगितली होती.

माझे मनगट धरले तेव्हा संघाने उपचाराचा खर्च तर दिला नाहीच, उलट सामने चुकल्याबद्दल मानधन कापले. करारात मला ‘सेवा पुरवठादार’ म्हटले होते. खेळाडू हे नाव मला मानापेक्षा या कारणासाठी महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद ३

कौशल्य आणि कष्ट मला मान्य आहेत. माझी शंका खेळाडूंबद्दल नसून खेळाबद्दल आहे. धावण्याच्या शर्यतीचा कोणी मालक नाही, तर व्हिडिओ गेम ही कंपनीची मालमत्ता असते. ब्लिझार्ड या कंपनीने 2018 च्या डिसेंबरमध्ये आपल्या ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ या गेमची अधिकृत स्पर्धामालिका पुढील वर्षी होणार नसल्याचे जाहीर केले आणि ज्यांनी अनेक वर्षे त्याच एका खेळावर मेहनत घेतली होती, त्यांची उपजीविका एका घोषणेने संपली. हांगझोऊमध्ये ‘पबजी मोबाइल’ची जी आवृत्ती खेळवली गेली, तीत खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडण्याऐवजी लक्ष्यांवर झाडत होते. आयोजकांना हवा तसा खेळ मालक घडवून देऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. नियम, स्पर्धा आणि शिस्त सांभाळणारी स्वतंत्र संघटना जिथे नाही, तिथे खेळाडूने दाद कोणाकडे मागायची? अमेरिकेने 2013 मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या खेळाडूला व्यावसायिक खेळाडूंचा व्हिसा दिला, ही सोय चांगलीच झाली, पण व्हिसामुळे त्याच्या खेळाला अशी संघटना मिळाली नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा आभारी आहे. आक्षेपामागे सवयच अधिक होती, हे मला मान्य करावे लागेल. धावण्याच्या काळात माझा गुडघा दुखावला तेव्हा संघाने दीड वर्ष सांभाळून घेतले होते आणि त्यात काही विशेष आहे असे तेव्हा मला वाटलेही नव्हते. पुतण्याच्या करारात दुखापतीविषयी काय लिहिले आहे, हे मी आजवर त्याला विचारलेले नाही. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांनी कृपया सांगावे, करार वाचताना नेमके काय पाहावे?

प्रतिसाद २ (पुढे)

आधी तीन गोष्टी पाहा: दुखापतीच्या काळात मानधन चालू राहते का, उपचाराचा खर्च कोण करतो, आणि कंपनीने स्पर्धा बंद केली तर उरलेल्या मुदतीचे पैसे मिळतात का. माझ्या करारात तिसऱ्या मुद्द्यावर एक ओळही नव्हती. त्याच्या करारातही नसेल, तर नूतनीकरणाच्या सहीपूर्वी ती लिहून घ्यायला सांगा. सही झाल्यावर कोणी ऐकत नाही.